शेवटचा अंतरा

माझे वडील मलकापुरात जिनिंगमध्ये हमाल होते. आमच्या घरात दारामागे एक लोखंडी तार टांगलेली असायची, खालचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं, आणि त्या तारेत कागद खोचलेले. काट्याच्या पावत्या, किराण्याची बिलं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, आमच्या शाळेच्या फीच्या पावत्या. वडिलांना सही करता यायची, वाचता फारसं यायचं नाही. तरी कागद हातात पडल्याशिवाय ते कुठल्याच खिडकीपासून हलत नसत. एकदा कापसाच्या हंगामात ते रात्री अकराला घरी आले. मुकादमानं आठवड्याच्या हजेरीची चिठ्ठी दिली नव्हती, म्हणून ते त्याच्या दारात बसून राहिले होते. चिठ्ठी घेऊनच उठले.

अशा माणसाचा मी मुलगा. आणि १९९६ साली मुंबईत एका कॅसेट कंपनीच्या टेबलावर मी माझ्या चार गाण्यांचे हक्क लिहून दिले, तेव्हा त्या कागदाची नक्कल मागितली नाही.

कागद अर्ध्या पानाचा होता, इंग्रजीत टाइप केलेला. नाव, गाण्यांची संख्या आणि रक्कम यांच्या जागा मोकळ्या. समोरच्या माणसानं त्या भरल्या, रेव्हेन्यू स्टॅम्प जिभेला लावून चिकटवला आणि त्याच्यावरून जाईल अशी सही करायला सांगितलं. चार गाण्यांचे बाराशे रुपये. मी थोडा घुटमळलो, तेव्हा तो म्हणाला, "स्टुडिओ, वादक, डबिंग, सगळा खर्च आमचा आहे. तुमचं काय जातंय?" माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यानं उलटे बाराशे रुपये मागितले असते, तरी मी व्याजानं काढून दिले असते. सत्तावीस वर्षांचा होतो. आपलं गाणं कॅसेटवर येणार, कव्हरवर आपलं नाव छापून येणार, यापुढे मला दुसरं काही दिसत नव्हतं.

आमची गायन पार्टी होती. हार्मोनियम, ढोलकी, बेंजो, मंजिरी, दोन कोरसवाले आणि एक गायक. मी हार्मोनियमवर बसायचो आणि गाणी लिहायचो. एप्रिल लागला की आम्ही घरी नसायचोच. भीमजयंती १४ एप्रिलला एका दिवसात आटपत नाही. गावोगावच्या तारखा पुढेमागे लागतात आणि बुद्धपौर्णिमा धरून मे संपेपर्यंत कार्यक्रम चालतात. मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद, बोदवड, कधी पार बऱ्हाणपूर. इसार म्हणून शंभर-दोनशे रुपये आधी मिळायचे, बिदागी कार्यक्रमानंतर. रात्री दहाला सुरू झालेलं गाणं पहाटे चारला संपायचं. मध्ये मध्ये लोक स्टेजवर येऊन दहा रुपयांची नोट द्यायचे आणि त्यांचं नाव माइकवरून पुकारायचं. अमुक गावच्या अमुक भाऊंकडून गायकाला दहा रुपये बक्षीस. एका रात्रीत शे-दीडशे नावं पुकारली जायची.

गाणं लिहिणाऱ्याचं नाव मात्र कुणी पुकारत नसे. ते गाण्यातच असायचं, शेवटच्या अंतऱ्यात. वामनदादा कर्डकांच्या गाण्याच्या शेवटी 'वामन' येतो. तुकडोजी महाराजांच्या भजनात 'तुकड्या' येतो. त्यांच्या मागे नामदेव, जनाबाई, चोखोबा, तुकोबा उभे आहेत. मलकापूरपासून मुक्ताईनगर तासाभराच्या आत आहे. तिथल्या वारकऱ्याला मुक्ताईचा अभंग कोणता हे सांगावं लागत नाही, नाव अभंगातच आहे. ज्यांच्याजवळ छापखाना नव्हता, कोर्टकचेरी नव्हती, त्यांनी आपली ओळख गाण्याच्या पोटात ठेवून दिली. ज्याला गाणं म्हणायचं त्याला नाव म्हणावंच लागतं. मीही तसंच करायचो. पहाटेच्या वेळी गायक शेवटच्या अंतऱ्यावर आला आणि माझं नाव त्याच्या तोंडून निघालं की माझी बोटं हार्मोनियमवर नकळत जड पडायची. तेवढ्यासाठी रात्रभर जागायची माझी तयारी होती.

मुंबईच्या त्या स्टुडिओत एका दिवसात आख्खी कॅसेट उरकायची होती. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला अर्धा तास, आणि त्यात पाच गाणी बसवायची. आमच्या गायकानं तीन अंतरे म्हटले. चौथा सुरू करणार तेवढ्यात काचेमागून हात वर झाला. "बास, इथंच मुखडा घ्या आणि संपवा." गायकानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती मान कशी हलली हे मला अजून सांगता येत नाही. चारही गाण्यांचा शेवटचा अंतरा असाच गेला.

कॅसेट आली. कव्हरवर गायकाचा फोटो, संगीत संयोजकाचं नाव, कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत. आतल्या कार्डावर गीतकार या शब्दापुढे छापलं होतं, 'पारंपरिक'.

मी ते कार्ड दिव्याजवळ नेऊन पुन्हा वाचलं. मग कंपनीत एसटीडी लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला की पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. पुढच्या आवृत्त्या किती निघाल्या ते मला कळायचा मार्गच नव्हता. नागपूरला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर ती कॅसेट ढिगानं विकली जाताना मी स्वतः पाहिली. प्रत्येक वेळी एक विकत घेऊन कार्ड उघडून बघायचो. 'पारंपरिक'.

त्यातलं एक गाणं फार चाललं. इतकं, की पाचेक वर्षांनी नांदुरा तालुक्यातल्या एका गावात कार्यक्रमाच्या आधी चहा पिताना शेजारचे म्हातारे बाबा मला सांगू लागले की हे गाणं त्यांच्या आजाच्या वेळचं आहे. मी म्हणालो, बाबा, हे मी लिहिलंय. ते रागावले. "तू कायले खोटं बोलतं? आमी पोरं होतो तवापासून आयकतो हे." त्या गावानं मला खोटं ठरवलं आणि त्याच रात्री तेच गाणं तीनदा मागून घेतलं. परत येताना जीपमध्ये मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटत होत्या. आपलं गाणं लोकांना आजोबांच्या काळाइतकं जुनं वाटतं, याचा आनंद. आणि आपण त्यातून पार पुसले गेलो, याचं दुःख. यातलं कुठलं खरं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला विचारत होतो. आता वाटतं, दोन्ही खरी होती आणि दोन्ही एकमेकांच्या आड येत नव्हती. लोकांनी गाणं आपलं मानलं, त्यात माझं काही गेलं नाही. ज्यानं गाण्याचे पैसे केले, त्यानं माझं नाव खोडलं होतं. हा फरक समजायला मला फार वेळ लागला, आणि तोवर माझा सगळा राग गावावर निघायचा.

गायकाचं बरं झालं असेल असं कुणाला वाटेल, तर तसंही नव्हतं. त्याचा फोटो होता, नाव होतं, गावोगाव हार होते. पण त्यालाही एकदाच ठोक रक्कम मिळाली होती. कॅसेट चालली तशा पार्टीच्या सुपाऱ्या वाढल्या. काही वर्षं बरी गेली. मग आवाज बसला. मीठ-गरम पाण्यानं, मधानं, काढ्यानं तो फिरला नाही. शेवटी शेवटी तो माझ्या दुकानात येऊन बसायचा. रस्त्यानं जाणारी पोरं त्याला बघून त्याच्याच गाण्याची ओळ म्हणायची, तो हात वर करायचा. त्याच्या वरच्या खिशात औषधाची चिठ्ठी असायची आणि ती महिन्यातून दोनदा माझ्यासमोर ठेवायला त्याला लाज वाटायची. प्रसिद्धी म्हणजे काय, हे मी त्याच्या त्या वर गेलेल्या हाताकडे आणि खिशाकडे बघून शिकलो.

दुकानाचं सांगायचं राहिलं. पार्टी मोडल्यावर मी बसस्टँडकडच्या रस्त्यावर कॅसेटींचं दुकान टाकलं. २००४ च्या मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. त्या दोन महिन्यांत लोक जुन्या कॅसेटी शोधत आले आणि दुकानात उभं राहून ऐकत राहिले. नंतर सीडी आली, आणि तिच्या मागोमाग मोबाइल. माझ्या धंद्याचं सगळ्यात चांगलं उत्पन्न मला कशातून मिळालं हे इथं लपवणार नाही. मेमरी कार्ड भरून देण्यातून. पोरगा कार्ड द्यायचा, मी संगणकाला लावायचो, दोनशे-तीनशे गाणी टाकायची, वीस रुपये घ्यायचे. भीमगीतं, लग्नातली डीजेची गाणी, कव्वाल्या, खानदेशी गाणी, सिनेमाची गाणी. त्यातल्या एकाही गाण्याचा एक पैसा मी कुणाला दिला नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. माझंही गाणं त्या ढिगात होतं. ज्या कंपनीनं माझं नाव खोडलं तिला मी नावं ठेवायचो, आणि त्याच हातानं दुसऱ्या कुणाकुणाची गाणी वीस रुपयांत तीनशे अशी विकायचो. त्यांच्या फाइलींवर तर गायकाचंही नाव नसायचं, नुसता आकडा.

त्याच सुमारास कॉलर ट्यूनचं वेड आलं. एका नातेवाइकाला फोन लावला तर पलीकडून माझंच गाणं वाजलं. तो ट्यूनसाठी महिन्याला तीस रुपये भरत होता. त्यानं फोन उचलला आणि मला काय बोलायचं होतं तेच आठवेना.

तालुका कोर्टातले एक वकीलसाहेब कार्ड भरायला माझ्याकडे येत. २०१४ मध्ये कधीतरी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक काढलं आणि पुढचे आठ-पंधरा दिवस, चहाच्या वेळेला, मला थोडं थोडं समजावलं. एका गाण्यात तीन-चार माणसांचे वेगवेगळे हक्क असतात, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा, चालीचा हक्क चाल लावणाऱ्याचा, आणि तो त्यांच्या हयातीत व नंतर साठ वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो बहुधा पैसे घालणाऱ्याचा, प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. गाणाऱ्याला तर कायद्यानं बराच काळ काहीच दिलं नव्हतं. १९७७ मध्ये सिनेमाच्या गाण्यांच्या हक्कांचा खटला सर्वोच्च न्यायालयात निर्मात्यांच्या बाजूनं लागला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला वेगळी टीप जोडून, आपल्या कायद्यात गायकाला हक्क नाही याबद्दल खंत लिहिली. गायकाचा हक्क कायद्यात यायला १९९४ ची दुरुस्ती लागली. लताबाईंनी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून आवाज उठवला, त्यावरून त्यांचं आणि रफीसाहेबांचं बिनसलं, काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत, हे मी ऐकून होतो. पण ते भांडण माझ्या गायकाच्या खिशातल्या चिठ्ठीचंच होतं, हे वकीलसाहेबांसमोर बसल्यावर कळलं.

मग २०१२ ची दुरुस्ती. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी ती लावून धरली होती. तिच्यानंतर गीतकार किंवा संगीतकार आपले हक्क विकू शकतो, पण रॉयल्टी मिळण्याचा हक्क सोडून देऊ शकत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाच्या नावे तो करताच येत नाही. कागदावर "रॉयल्टीसह सर्व हक्क" असं लिहून घेतलं, तरी तेवढा भाग रद्द. आणि माझ्या कामाची गोष्ट कलम १९ मध्ये होती. हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलं नसेल, तर ते पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात.

"तुमच्या कागदावर मुदत होती?" वकीलसाहेबांनी विचारलं.

मला आठवत होतं, त्या अर्ध्या पानात मुदतीची मोकळी जागा नव्हती. नाव, संख्या, रक्कम, एवढ्याच तीन जागा होत्या.

"मग २००१ मध्येच तुमची गाणी तुमच्याकडे परत आलीत. कागद दाखवा."

कागद कुठे होता? मुंबईच्या कुठल्यातरी फायलीत. ती कंपनी एव्हाना दुसऱ्या कुणीतरी घेतली होती. मी रजिस्टर पत्रं पाठवली, पोचपावत्या आल्या, उत्तर आलं नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएसचं गीतकार म्हणून सभासद व्हावं असा विचार केला, तर पुरावा म्हणून माझ्याजवळ होतं ते कॅसेटचं कार्ड, आणि त्यावर 'पारंपरिक'. घरी येऊन मी दारामागची तार पाहिली. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. आईनं तार काढली नव्हती. सगळ्यात खाली १९७८ ची काट्याची पावती होती, शाई उडालेली, पण वजन वाचता येत होतं.

इथवर माझ्यावर झालेल्या अन्यायाची गोष्ट झाली. ती मी फार वेळा सांगितली आहे, लोकांना ती आवडते आणि सांगताना मलाही बरं वाटतं. पुढची मी फारशी सांगितलेली नाही.

२०१६ च्या शेवटी जिओचं सिम गावोगाव पोचलं आणि कार्ड भरण्याचा धंदा काही महिन्यांत बसला. मी दुकानाच्या मागच्या खोलीला फोम लावला, एक माइक, एक साउंड कार्ड आणि जुना संगणक यांवर रेकॉर्डिंग सुरू केलं. यूट्यूबवर चॅनल काढलं. गावागावांतली भजनी मंडळं, भीमगीतं म्हणणारी पोरं, लग्नातली गाणी बसवणारे, असे लोक येऊ लागले. कागद करायला हवा म्हणून दुसऱ्या शहरातल्या एका स्टुडिओचा करारनामा मिळवला, त्यातलं नाव बदललं आणि झेरॉक्स काढून ठेवल्या. त्यात लिहिलं होतं की शब्द, चाल, आवाज आणि चित्रीकरण यांचे सर्व हक्क रॉयल्टीसह, कायमचे, जगभरासाठी स्टुडिओचे; आणि कलाकार तीन वर्षं दुसऱ्या कुठे तीच किंवा तशी गाणी गाणार नाही. मला कायदा माहीत होता. काही वर्षांपूर्वी चहा पिता पिता मी तो शिकलो होतो. तरीही.

२०१८ च्या दिवाळीनंतर मोताळ्याकडच्या एका खेड्यातून एक पोरगी आली. कापूस वेचणीवर तिनं स्वतः वऱ्हाडीत गाणं रचलं होतं, चाल आईच्या जात्यावरच्या ओव्यांवरून उचललेली. तिच्या बोटांना बोंडांच्या काट्यांचे ओरखडे होते. माइकसमोर उभी राहिली आणि पहिल्याच दमात असं गायली, की मी हेडफोन काढून नुसता ऐकत राहिलो. वय सतरा. बाप नव्हता. आईनं पालक म्हणून सही केली. सही करताना आई घुटमळली, तेव्हा मी म्हणालो, "ताई, स्टुडिओ, वादक, शूटिंग, सगळा खर्च माझा आहे. तुमचं काय जातंय?"

हे वाक्य मी बोललो. बोलताना मला ते कुठलं आहे हे आठवलं नाही.

पोरीला दोन हजार रुपये आणि शूटिंगसाठी घेतलेली साडी दिली. गाणं अकरा लाख लोकांनी पाहिलं. तिला शाळेत, बाजारात, एसटीत लोक ओळखू लागले. कार्यक्रमांना बोलावणी आली. मी एका वितरकाकडे गाणं दिलं होतं, त्यानं ते सगळ्या ॲपवर चढवलं आणि यूट्यूबच्या यंत्रणेत त्याचा ठसाही नोंदवला. मी फॉर्मवर सगळीकडे टिक केली होती. वर्षभरानं त्या पोरीनं स्वतःचं चॅनल काढलं आणि एका गणेश मंडळाच्या कार्यक्रमात माझ्या ट्रॅकवर म्हटलेलं आपलंच गाणं त्यावर टाकलं. दुसऱ्याच दिवशी त्यावर कॉपीराइट क्लेम लागला.

ती आईला घेऊन दुकानात आली. काउंटरवर मोबाइल ठेवला. स्क्रीनवर लिहिलं होतं की या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं साहित्य आहे, आणि मालकाच्या जागी माझ्या स्टुडिओचं नाव होतं. पोरगी काही बोलली नाही. तिला वाटत होतं की तिनं काही गुन्हा केला आणि आता पोलीस येतील. आईनं पिशवीतून घडी केलेली झेरॉक्स काढली, माझ्या करारनाम्याची. तिनं त्या दिवशी नक्कल मागून घेतली होती, हे मी विसरलो होतो.

"भाऊ, मले वाचता येत नाही. किती वर्साचं लिवलं हाये याच्यात?"

मी कागद हातात घेतला. मुदत शोधायला मला तो वरपासून वाचावा लागला, कारण मी तो आयुष्यात एकदाही पूर्ण वाचला नव्हता. "कायमचं" हा शब्द सापडला. तो मोठ्यानं वाचायला माझं तोंड उघडेना. बाई माझ्याकडे बघत उभी होती, माझे वडील मुकादमाच्या दारात बसले असतील तशी, न रागावता, न हलता.

त्या रात्री मी हिशेब काढला. गाण्याच्या जाहिरातींचे तोवर तेवीस हजारांच्या थोडे वर आले होते. माझा खर्च नऊ हजार. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी कागद वाचून चष्मा काढला आणि म्हणाले की पोरगी सज्ञान नव्हती, १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तिनं केलेला करार करारच नाही. आईची सही असली तरी इतका एकतर्फी कागद टिकणं अवघड. आणि शब्द, चाल तिचीच, म्हणजे रॉयल्टीचं कलम २०१२ पासून रद्दच. मग ते थांबले आणि म्हणाले, "पण हे तुम्हाला ठाऊक होतं." त्यांनी आवाज चढवला नाही. तेवढंच म्हणून ते पुढच्या पक्षकाराकडे वळले.

क्लेम काढून घ्यायला सव्वा महिना लागला. देताना एक टिक पुरली होती, सोडवताना वितरकाला अकरा ईमेल करावे लागले. पैशांतला निम्मा भाग खर्च वजा न करता त्यांच्या घरी नेऊन दिला. आईनं नोटा मोजल्या आणि म्हणाली, "आता हे लिवून द्या." मी लिहून दिलं. पैसे पोचले, शब्द आणि चाल मुलीची, इथून पुढं ध्वनिमुद्रणातून जे येईल त्यात निम्मं तिचं, ती कुठंही गायला मोकळी. दोन प्रती. पोरगी पुन्हा माझ्याकडे रेकॉर्डिंगला आली नाही. मी बोलावलंही नाही. कधी मोबाइलवर तिचं नवं गाणं समोर येतं, शेवटच्या कडव्यात ती आपलं नाव घेते.

माझ्या मुलीनं २०२१ मध्ये मला टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेची गोष्ट सांगितली. तिच्या पहिल्या सहा अल्बमांची ध्वनिमुद्रणं तिच्या जुन्या कंपनीबरोबर परस्पर विकली गेली, तेव्हा तिनं तीच गाणी पुन्हा गाऊन नव्यानं काढायला सुरुवात केली. शब्द आणि चाल तिच्या होत्या, म्हणून तिला ते जमलं. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हीपण म्हणा तुमचं. मी म्हटलं. मागच्या खोलीत, हार्मोनियमवर, माझ्या फाटक्या आवाजात, चारही अंतरे. ते फारसं कुणी ऐकलेलं नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर अजून जुनंच वाजतं, तीन अंतऱ्यांचं, आणि मीही त्यात चालतो.

त्या झेरॉक्सवर मी सह्या घेतलेले बारा जण होते. यादी काढली आणि एकेकाकडे गेलो. बहुतेकांना तो कागद आठवतही नव्हता. दोघांचा पत्ता लागला नाही, गाव सोडून सुरतेकडे गेले म्हणतात. एकानं दारातूनच परत पाठवलं, आणि त्याला तो अधिकार होता. बाकीच्यांचे कागद रद्द करून नवे केले, मुदत पाच वर्षं, हिशेब दरवर्षी दिवाळीला. दिवाळीचा हिशेब बहुतेक वेळा दीडशे, दोनशे, कधी चाळीस रुपये असतो. तरी मी वही उघडून दाखवतो आणि सही घेतो.

एक जण आमच्याच पार्टीतला जुना ढोलकीवाला होता. त्यानं माझ्याकडे दोन भजनं म्हटली होती, त्यांच्या गावच्या बुवांनी रचलेली. मी पोचेपर्यंत तो गेला होता. त्याची बायको एका सोमवारी बाजाराला आली तेव्हा दुकानात आली. मी नवा कागद तिच्या नावानं केला आणि वाचून दाखवला. तिनं तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला, मग रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला.

"याच्यात त्यायचा आवाज हाये का?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, कागदात नाही, इथं आहे. आणि मोबाइल लावून दिला. ती काउंटरला टेकून ऐकत राहिली. माझ्या मागच्या खोलीत मी कुणाचाही शेवटचा अंतरा कापला नव्हता. भजन शेवटावर आलं, त्यानं बुवांचं नाव घेतलं, ढोलकीची तिहाई झाली. बाहेर तिच्या गावची एसटी लागली होती. तिनं पदर सावरला, पिशवी उचलली आणि म्हणाली, "दुसरं भी लावा."

एसटी निघून गेली. पुढची साडेपाचला होती.